मन्मथअप्पांची पाणंद

आमच्या ऑफिसात बेसिनजवळचं टेबल मन्मथअप्पांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. तिथे नळाचं पाणी उडायचं, पावसाळ्यात भिंतीला टेकलं तर चुना पाठीला लागायचा. नकाशे काढणाऱ्याने अशा ओलीत बसू नये हे कुणालाही कळेल. पण अप्पांना उठल्याबसल्या हात धुवावे लागत आणि तेवढ्यासाठी अख्खी खोली ओलांडायची त्यांची तयारी नव्हती. एखादा प्लॉटवाला, नाहीतर पुढारी होऊ घातलेला एखादा प्लॉटवाला साहेबांच्या केबिनमधून बाहेर यायचा, जाता जाता अप्पांचा हात हातात घेऊन "आमच्याकडं लक्ष असू द्या अप्पा" म्हणायचा. तो जिना उतरायच्या आत नळ सुरू. लाल साबण, तोही कोपरापर्यंत. मग खांद्यावरच्या पंच्याला हात पुसायचे आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने पेन्सिलीला टोक करायला घ्यायचं.

मी नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले आणि भूकंपानंतरच्या वर्षी या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. ऑफिस खाजगी होतं, सरकारी कामांचे नकाशे ठेक्याने काढून देणारं. ट्रेसरचं काम सांगायला सोपं. अप्पांसारख्या ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि खालचं जसंच्या तसं शाईने वर उतरवायचं. चुकलं तर ब्लेडने शाई खरवडायची. स्वतःच्या डोक्याने एक रेघही मारायची नाही. अप्पा मला नावाने हाक मारत नसत. "काय नांदेड, शाई वाळली का?" असं विचारायचे. तुम्हाला गोदावरी आहे म्हणून तुम्ही घाण तिच्यात ढकलून मोकळे होता, आम्ही ती दारातच ठेवून घेतो, असं चिडवायचे. मला तेव्हा राग यायचा. नंतर लातुरातच आयुष्य गेलं आणि ते बरोबर बोलत होते हे पटलं.

अप्पा उदगीरच्या दुकानदार घरातले. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात दोन्ही बाजूंना खोल खिसे असलेला पांढरा नेहरू शर्ट. दुकान भावांवर सोडून हे नकाशाकडे वळले, कारण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून बोलणं त्यांना जमत नव्हतं. लहानपणी निजामाच्या शाळेत दोन-तीन यत्ता उर्दूत झाल्या होत्या, त्यामुळे जुने कागद तेच वाचायचे. नकाशाला ते शेवटपर्यंत नक्शा म्हणत.

लातूर तेव्हा फुगत चाललं होतं. पूर्वी गावात अप्पा, तात्या, शेठ भेटायचे, आता जिकडेतिकडे सर. ज्यांना दोन सूत्रं फळ्यावर लिहिता येतात ते सर, आणि ज्यांची भिंत त्या फळ्याला भाड्याने दिली आहे तेही सर. चौकाचौकात गुणवत्ता यादीतल्या पोरांचे फोटो, खाली क्लासचं नाव पोरांच्या नावापेक्षा मोठं. नांदेड, देगलूर, निलंगा, कुठून कुठून पोरं यायची. भूकंपानंतर लोकांनी भीतीपोटी अंगणात पत्र्याची शेड उभारली होती, दगडाच्या घरात झोपवेना म्हणून. त्याच शेडमध्ये आता चार-चार पोरी भाड्याने राहायच्या, उन्हाळ्यात भाजून निघायच्या. पत्र्याला भाडं मिळायला लागलं तशी घरमालकांची भीती गेली आणि ते पुन्हा आत, दगडाखाली झोपायला लागले. मला या सगळ्याची शिसारी येई. तरी मी रोज नऊला ऑफिसात जाऊन असल्याच लोकांच्या प्लॉटांवर शाई फिरवत होते, हेही सांगून टाकते.

मी लागल्यावर दुसऱ्या वर्षी अप्पा एका पुनर्वसित गावाला जाऊन आले. भूकंपानंतर तिथल्या नव्या वस्तीचा आराखडा त्यांनीच काढला होता, टेबलावर बसून, दोन दिवसांत. सरळ रस्ते, सगळे चाळीस फुटी, घरं एका ओळीत. कागदावर लई देखणं दिसत होतं, असं ते स्वतःच सांगायचे. गावात एका म्हातारीने विचारलं, हे आखलं कुणी. अप्पांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, मी. तिने त्यांना हाताला धरून आपल्या उंबऱ्यावर नेलं आणि समोरचं घर दाखवून म्हणाली, "माझ्या जावंला हाक मार हितनं." अप्पांनी हाक मारली. दोनदा मारली. कुणी बाहेर आलं नाही. जुन्या गावात या दोन्ही बायका भिंतीच्या भोकातून विस्तव द्यायच्या घ्यायच्या. म्हातारी म्हणाली, "अर्धं गाव दगडानं मारलं. उरलेलं तू पांगवलं, बाबा."

परत आल्यावर अप्पांनी नळ बराच वेळ सोडून ठेवला होता. त्या दिवशी कुठल्याच प्लॉटवाल्याने त्यांचा हात हातात घेतला नव्हता.

तेव्हापासून त्यांनी नेम धरला की जी वाट आपण चाललो नाही तिची रेघ ओढायची नाही. कागद आला की ते पायी निघायचे. उजव्या खिशात मूठभर चिंचोके. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्यातून डाव्या खिशात. मोजणीदाराची साखळी ऑफिसात होती, पण साखळी चढ सांगत नाही, कुत्रं कुठे अंगावर येतं ते सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. साहेब त्यांच्या माघारी हसायचे. अप्पांचा नकाशा मात्र कधी परत आला नाही, म्हणून साहेब हसण्यापलीकडे काही करत नसत.

शहराच्या एका अंगाला नव्या वसाहतींचा आराखडा करायचं काम आलं तेव्हा अप्पांना ती पाणंद सापडली. म्हणजे ती होतीच. क्लासांच्या वस्तीपासून निघून नाल्याच्या कडेकडेने पार शेवटच्या कॉलनीपर्यंत जाणारी, एक साखळी रुंद, म्हणजे तेहतीस फूट. दोन्ही बाजूंना लिंब, मध्ये एक पडकी विहीर आणि तिच्यावर चिंच. पूर्वी या वाटेने देवणीची जनावरं बाजाराला यायची. जुन्या उर्दू नकाशात ती ठळक होती, नव्या कागदांत मात्र कुठे होती, कुठे पुसट झाली होती. अप्पांनी ती चालून काढली, एकदा नाही, महिनाभर रोज. सकाळी ऑफिसला येताना आणि संध्याकाळी जाताना. सायकल होती त्यांच्याकडे, पण ती हातात धरूनच चालायचे, कारण सायकलवर पावलं मोजता येत नाहीत.

त्यांचा विचार साधा होता. या पाणंदीत मोटार येऊ द्यायची नाही. एका अंगाने चालणारे, दुसऱ्या अंगाने सायकली, कडेला आहेत तेच लिंब. दर थोड्या अंतरावर झाडाला पार. दोन्ही तोंडांना दगड रोवायचे, म्हणजे फटफटी आत शिरणार नाही. पोरापोरींनी खोलीतून निघून क्लासला आणि क्लासातून खोलीवर सावलीतून जावं. साहेब नुकतेच पुण्याला कुठलंसं भाषण ऐकून आले होते, त्यांना "हरित पट्टा" हा शब्द फार आवडला होता. ते म्हणाले, घ्या नकाशात. मी सहा शीटांवर त्या पाणंदीच्या दोन समांतर तुटक रेघा शाईने उतरवल्या. मध्ये बारीक बारीक झाडं काढली. खरं सांगते, त्या नोकरीत मला तेवढंच एक काम आवडलं होतं.

ती पाणंद लगेच खुली व्हावी अशी घाई अप्पांना का झाली होती ते मला नंतर कळलं. त्यांच्या घरात मागच्या खोलीत पोरी राहायच्या. त्यातली एक देवणीकडची, बारावीची. पहाटेच्या बॅचला मुख्य रस्त्याने सायकलवर जाताना तिला टेंपोने घासलं. हात मोडला. परीक्षा हुकली. बाप येऊन तिला घेऊन गेला आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न करून टाकलं. पत्रिका अप्पांना आली होती. ती त्यांनी मला दाखवली आणि म्हणाले, "बघ नांदेड. हात मोडला अन् जल्माचं शिकणं गेलं. त्या पोरीच्या खोलीपासनं पाणंद शंभर पावलावर हाय." मग ते तिला पोरगी न म्हणता पत्रिकेतल्या नावाने, सौभाग्यकांक्षिणी लावून, मोठ्याने वाचत बसले. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते पाणंदीच्या तोंडाशी लिंबाखाली जाऊन बसले. मुख्य रस्त्यावरून गेलेल्या प्रत्येक सायकलीमागे एक चिंचोका. दहा वाजता ऑफिसला आले ते पिशवी घेऊनच. साहेबांच्या काचेच्या टेबलावर ती पिशवी त्यांनी उपडी केली. चिंचोके फाइलींवर, फोनवर, खाली फरशीवर घरंगळले. साहेबांनी विचारलं, हे काय. अप्पा म्हणाले, पोरं हायत. साहेबांनी शिपायाला झाडू आणायला सांगितलं.

आणि मग ते सर आले. फिजिक्सचे. माइकवरून शिकवायचे, कारण हॉलच्या मागच्या रांगेला ते दिसायचेसुद्धा नाहीत. पाणंदीच्या अलीकडची आणि पलीकडची अशी दोन्ही शेतं त्यांनी घेतली होती, आणि मध्ये ही तेहतीस फुटांची वाट आडवी येत होती. साहेब खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले, शिपाई पाया पडला. सरांनी चहा घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं. मुलांचा येण्याजाण्यात फार वेळ वाया जातो. आपण तिथे एकच इमारत बांधू. खाली क्लास, वर होस्टेल, गच्चीवर मेस. मुलाने वर झोपायचं, जिन्याने खाली यायचं, शिकायचं. चालायचंच कशाला?

अप्पा आपल्या टेबलावरून म्हणाले, "सर, देवणीची गायसुदिक आमी दिवसातनं एक बार सोडतो रानात. गोठ्यात बांधून ठिवली की ती दूध देत न्हाई, लाथ मारती."

सर हसले. साहेब त्यांच्याहून मोठ्याने हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी विचारलं की भूकंपाच्या वेळी या भागातली माणसं कुठे झोपली होती ते सरांना ठाऊक आहे का. त्या पाणंदीत. तीन आठवडे, बायकापोरांसकट, कारण आजूबाजूला अंगावर पडेल अशी एक भिंत नव्हती. "पुन्हा जमीन हलली तर कुठं जावं लोकांनी? तुमच्या गच्चीवर?" सरांनी घड्याळ पाहिलं. निघताना त्यांनी अप्पांपुढे हात केला. अप्पांनी तो घेतला, कारण दारी आलेल्या माणसाचा हात नाकारायची त्यांची रीत नव्हती. मग नळ वाहत राहिला, सर जिन्यात असतानाच. सरांना तो ऐकू आला असेल अशी मला अजून आशा आहे.

शनिवारी अप्पा पुतण्याच्या लग्नाला उदगीरला गेले होते. साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, त्या पाणंदीच्या रेघा तेवढ्या काढून टाका, पुढे बघू. एवढंच. त्यांनी आवाज चढवला नाही, नोकरीची भीती घातली नाही, काही देऊ केलं नाही. तसं काही झालं असतं तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं. साहेब म्हणाले आणि मी ब्लेड घेतलं. सहा शीटं. शाई खरवडताना उंदीर कुरतडल्यासारखा आवाज येतो. काळा भुगा कागदावर साठला की मी फुंकर मारायची, तो माझ्या साडीवर बसायचा. आधी रेघा काढल्या, मग एक एक झाड. दुपारच्या चहापर्यंत दोन्हीकडची शेतं एकमेकांना मिळाली.

सोमवारी अप्पांनी शीट उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि अंगठा फिरवला. खरवडलेल्या जागी कागद खरखरीत होतो, दिसलं नाही तरी हाताला लागतं. पाणंद जिथून निघते तिथून संपते तिथपर्यंत त्यांनी अंगठा नेला.

"ब्लेड जुनं होतं का, नांदेड?"

मी हो म्हटलं. त्यांनी शीट खाली ठेवलं आणि दोन पावलांवरच्या बेसिनकडे गेले. लाल साबण, कोपरापर्यंत. मी पाठ करून बसले होते, पण पाणी ऐकू येत होतं. माझा एवढा अपमान आजवर कुणी शिव्या देऊनही केलेला नाही, आणि तो माझ्या लायकीचाच होता. त्या दिवसानंतर त्यांनी मला नांदेड म्हणून कधी हाक मारली नाही. "बाई, हे शीट बघून घ्या," असं अगदी आदराने बोलायचे.

आराखडा लोकांपुढे मांडला गेला आणि हरकती मागवल्या तेव्हा अप्पांनी स्वतःच्या नावाने हरकत दिली, आपल्याच ऑफिसच्या नकाशावर. साहेबांनी ती मागे घ्यायला सांगितल्यावर त्यांनी पट्टी, पेनं, पेन्सिली खणात नीट लावून ठेवल्या, खणाची किल्ली शिपायाला दिली आणि सायकल हातात धरून चालत गेले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

सुनावणीला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. मागच्या रांगेत बसले. समितीत तिघं होते. अप्पांनी उर्दू नकाशा उलगडला, तर तो कुणाला वाचता येईना. भाषांतराची अधिकृत प्रत आणा, म्हणाले. मग मधल्या गृहस्थाने विचारलं, तिथे तुमची जमीन आहे का? न्हाई. घर? न्हाई. मग या रेघेवाचून तुमचं नुकसान काय?

"मी चालतो तिथनं," अप्पा म्हणाले.

हॉल हसला. सरांनी आपली दोनतीनशे पोरं आणून बसवली होती, तीही हसली. ज्यांच्यासाठी तो माणूस उभा होता तीच हसली. अप्पा थांबले, हसू संपू दिलं आणि सांगितलं की मूळ नकाशात ही वाट होती, नंतर खरवडून काढली. त्यावर त्या गृहस्थाने विचारलं, तुमच्या ऑफिसातलं कुणी असं सांगायला तयार आहे का?

मी आले आहे हे अप्पांना माहीत होतं. जिन्यात त्यांनी मला पाहिलं होतं, "बरं झालं आलात बाई" असं म्हणालेही होते. पण त्या वेळी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी मांडीवरच्या पर्सच्या चेनशी खेळत राहिले. त्यांनी एकदा वळून पाहिलं असतं तर मी उठले असते, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "कुणी न्हाई." आणि नकाशाची घडी घालायला लागले.

यानंतर बरीच वर्षं ते मला दिसले नाहीत. ऑफिसात संगणक आले, ब्लेडचं काम संपलं. आता रेघ एका बोटाने जाते, कागद खरखरीतही होत नाही. पाणंदीवर सरांची इमारत झाली, तिच्याशेजारी दुसऱ्या सरांची, मग पुस्तकांची दुकानं, झेरॉक्स, मेसचे डबे. नाल्यावर स्लॅब पडला. चिंच गेली त्या जागी जनरेटर आला. पोरं आता चालतच नाहीत, जिन्याने वर आणि जिन्याने खाली. त्यांचे चेहरे पाहिले की मला पत्र्याखाली ठेवलेल्या भाजीची आठवण होते.

माझी लेक दहावी झाली. आणि मी, सगळं ठाऊक असलेली मी, तिला घेऊन त्याच इमारतीत गेले. दुसरीकडे कुठे जाणार, सगळेच जातात, असं नवऱ्याला म्हटलं. दारात पालकांची रांग होती, गाड्यांची त्याहून मोठी. मी स्कूटर दोन जनरेटरांच्या मधल्या बोळात घुसवली. तो बोळ म्हणजे काय हे मला माहीत होतं. सहाही शीटांवर मी तो खरवडला होता, तेव्हा तो कुठून कुठे जातो हे अप्पांखालोखाल मलाच माहीत असणार.

आणि बोळाच्या त्या टोकाकडून अप्पा आले. थकले होते, सायकल नव्हती, पण नेहरू शर्ट तोच, विभूती तीच. एका सरळ रेषेत चालत होते. जिथे भिंत आडवी आली तिथे हाताने भिंत चाचपत वळसा घालून पुन्हा आपल्या रेषेवर यायचे. वॉचमनने हटकलं, बाबा, पालकांची लाइन तिकडं. त्यांनी एक हात वर करून त्याला थांबवलं, कारण मोजणं तुटलं असतं. ओठ हलत होते. तसेच ते माझ्या स्कूटरपर्यंत आले आणि थांबले. वळसा घालायला जागा नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, मला खरोखरच सांगता येणार नाही.

"गाडी तेवढी बाजूला घ्या, बाई," ते म्हणाले. "रस्ता हाय हा."

मी स्कूटर मागे ओढली. ते पुढे गेले. दहा-बारा पावलांवर त्यांचा हात उजव्या खिशात गेला आणि मग डाव्या खिशात. ते दिसेनासे झाल्यावर मी गाडी पुन्हा होती तिथेच लावली आणि लेकीचा फॉर्म भरायला रांगेत जाऊन उभी राहिले.